भीती वेगळी, भीड वेगळी आणि भित्रेपणा वेगळा



मागच्या सत्संगानंतर चहा घेताना एका ताईंनी विचारलं, "माझा मुलगा कुणाशी भांडत नाही. कुणी काही बोललं तरी गप्प राहतो. लोक म्हणतात भित्रा आहे, मी म्हणते शांत आहे. खरं काय समजायचं?" प्रश्न लहान होता, पण त्यावर सगळ्याच बोलू लागल्या आणि घरी जायची वेळ झाली. प्रत्येकीच्या घरात असा कुणीतरी आहेच. म्हणून या वेळच्या पत्रिकेत त्यावरच लिहिते आहे. जरा मोठं झालं आहे, सवडीने वाचा.

*एकाच पोत्यात भरलेले शब्द*

भीतीच्या घरातले आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. भीती, भय, धास्ती, धाक, वचक, दरारा. माणसाला लावायचे म्हटले तर भित्रा, भेकड, घाबरट, नेभळट, बुजरा, लाजाळू, भिडस्त, संकोची, पापभीरू. आपल्या भागात बोलताना आपण 'भेव' म्हणतो, "मले भेव लागते". वर हिंदीतून आलेला 'डरपोक' आहेच. हे सगळे शब्द आपण एका पोत्यात भरतो आणि हाताला येईल तो काढून समोरच्याला चिकटवतो. पण जुन्या लोकांनी हे शब्द वेगवेगळे ठेवले, त्याला काही कारण असणार. एकेक वेगळा करून पाहू.

पहिली *भीती*. ती तर देवानेच दिली आहे. गरम तव्याला बोट लागलं की हात आपोआप मागे येतो. पावसाळ्यात संत्र्याच्या बागेत गवतातून चालताना आपण पाय जपून टाकतो, कारण साप असू शकतो. यात भित्रेपणा कुठला? गीतेच्या 18व्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक बुद्धीचं लक्षण सांगितलं आहे. काय करावं, काय करू नये, हे जी ओळखते आणि भय कशाचं धरावं, कशाचं धरू नये हेही जी ओळखते, ती सात्त्विक बुद्धी. म्हणजे कशाचंच भय न वाटणं हे काही शहाणपणाचं लक्षण नाही. त्याच अध्यायात थोडं पुढे तामसी धृती सांगितली आहे. जी झोप, भय, शोक, विषाद आणि मद यांना सोडतच नाही, ती तामसी. दोन्ही ठिकाणी भय हाच शब्द आहे, पण एका ठिकाणी भय ओळखलं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी धरून ठेवलं आहे. मला वाटतं आपल्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

दुसरा शब्द *बुजरा*. हा शब्द आपण माणसांइतकाच गुरांसाठी वापरतो. नवा गोऱ्हा गावात आणला की मोटारसायकलच्या आवाजाने बुजतो, पोळ्याच्या तोरणाखाली उभा राहत नाही. जाणता शेतकरी त्याला भेकड म्हणून विकून टाकत नाही. रोज थोडं थोडं बाहेर फिरवतो, पाठीवर हात ठेवतो. चार-सहा महिन्यांत तोच गोऱ्हा ढोल-ताशात शांत उभा राहतो. बुजणं म्हणजे सवय नसणं, आणि सवय करून देता येते. बैलाला आपण एवढी सवलत देतो, मग पाहुण्यांसमोर न बोलणाऱ्या नातवाला का देत नाही? उलट त्याच्या देखत सांगतो, "आमचा हा फार घाबरट आहे बरं का." लहानपणी ज्याला जेवताना बागुलबुवा दाखवला, अंधारात बाई आहे म्हणून सांगितलं, त्यालाच पुढे घाबरट म्हणायचं, हा कुठला न्याय?

तिसरा *लाजाळू*. लाजाळूचं झाड आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हात लावला की पानं मिटतात. पण देठाला काटेही असतात, आणि थोड्या वेळाने पानं पुन्हा उघडतात. लाजणं ही दुर्बलता नाही. गीतेच्या 16व्या अध्यायात दैवी संपत्तीचे 26 गुण आले आहेत. त्यातला पहिला गुण 'अभय' आहे, हे आपल्याला पाठ असतं. पण त्याच यादीत पुढच्याच श्लोकात 'मार्दव' म्हणजे मऊपणा आहे आणि 'ह्री' म्हणजे लाज आहे, हे आपण वाचून पुढे जातो. अभय आणि लाज दोन्ही एकाच माणसात राहू शकतात, किंबहुना राहायला हवेत, असं भगवंत सांगतात. मग कमी बोलणाऱ्या, मान खाली घालून चालणाऱ्या मुला-मुलीला आपण भित्रं कसं म्हणणार?

चौथा *पापभीरू*. यातही 'भीरू' म्हणजे भिणाराच आहे. पण हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. दुकानदाराने चुकून 50 रुपये जास्त दिले आणि आपण ते परत करायला गेलो, तर लोक म्हणतात, पापभीरू बाई आहे. म्हणजे भिण्यात कमीपणा नाही, कशाला भितो त्याला महत्त्व आहे.

*मराठीतली भीड आणि हिंदीतली भीड*

आता राहिला *भिडस्त*. हा शब्द मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण आपल्या बायकांचं अर्धं आयुष्य याच्यात जातं.

आपण मध्य प्रदेशात राहणारी माणसं. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि मुलं तर एका वाक्यात दोन्ही बोलतात. हिंदीत 'भीड़' म्हणजे गर्दी. मराठीत 'भीड' म्हणजे समोरच्याला वाईट वाटेल, तो काय म्हणेल, म्हणून मनातलं न बोलणं. अर्थ अगदी वेगळे. पण विचार केला तर दोघींचा संबंध आहे. हिंदीतली भीड जितकी मोठी, तितकी मराठीतली भीड जास्त वाटते. चार लोक समोर असले की 'नाही' म्हणणं जड जातं. चारशे असले तर विचारूच नका.

आपल्या पांढुर्ण्यात याचं मोठं उदाहरण दरवर्षी डोळ्यासमोर असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे नागपुरात मारबत निघते, लेकरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओढत घरोघरी जातात, आणि आपल्याकडे जाम नदीवर गोटमार होते. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झेंडा चंडीमातेला जातो, त्यामागे लोकांची श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेला माझा नमस्कार आहे. पण दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. डोकी फुटतात, डोळे जातात, काही घरांतले तर जीव गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तेही चाललं नाही. आता डॉक्टर आणि रुग्णवाहिका आधीपासून तयार ठेवतात.

आमच्या ओळखीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा. त्याला सहज विचारलं, "का रे बाबा, जातोस कशाला?" तो म्हणाला, "काकू, मले काही दगड मारायची हौस नाही. पण नाही गेलो तं पोट्टे वर्षभर भित्रा म्हणून चिडवतेत." हे उत्तर मनातून जात नाही. नदीच्या काठावर जो शूर दिसतो आहे, त्याच्या हातातला दगड कुणी उचलला? त्याच्या इच्छेने नाही, देवीच्या आज्ञेनेही नाही. 'भित्रा' या दोन अक्षरांच्या भीतीने उचलला. समोरून येणाऱ्या गोट्याला तो भ्याला नाही, पण मागे उभ्या असलेल्या मित्रांना भ्याला. तिथे जाणारे सगळेच असे असतात असं मी म्हणत नाही. काहींचा नवस असतो, काहींना गावाचा मान वाटतो. पण या मुलासारखे किती असतील, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावं.

गोटमारीची जी कथा सांगतात ती आठवा. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदी ओलांडत होते आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. त्या कथेत सगळ्यात धीराचे कोण? मला तर पाण्यात उभे असलेले ते दोघे वाटतात, ज्यांच्या हातात दगड नव्हता. आणि आजच्या दिवसापुरतं विचाराल तर त्या गर्दीतून रक्ताने माखलेल्याला उचलून आणणारे, पट्टी बांधणारे, आणि मित्रांच्या देखत "मी येत नाही" म्हणणारा एखादा मुलगा, हेही धीराचेच आहेत. त्यांच्यासाठी ढोल वाजत नाही, एवढंच.

आपल्याकडे म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. पूर्वी याचा अर्थ आपण पैशापुरता घ्यायचो, भिडेपोटी जामीन राहिलं आणि बुडालं. पण भीड माणसाला आणखीही बऱ्याच गोष्टींनी भिकारी करते. सुनेला ताप आहे, पण घरात पाहुणे आहेत म्हणून ती सांगत नाही. सासूला डोळ्यांनी कमी दिसतं, पण मुलाच्या खर्चाचा विचार करून ती बोलत नाही. मुलीला कुणी त्रास देतं, पण "घरचे मलाच बोलतील" म्हणून ती गिळून टाकते. आणि आता 'डिजिटल अरेस्ट' नावाची फसवणूक निघाली आहे. फोनवर खोटा पोलीस येतो, वर्दी दाखवतो, तुमच्या नावावर गुन्हा आहे म्हणतो, आणि कुणाला सांगू नका म्हणून बजावतो. यात पापभीरू, अब्रूला जपणारी माणसंच जास्त अडकतात. चोराला ठाऊक असतं की ही माणसं तुरुंगापेक्षा 'लोक काय म्हणतील' याला जास्त भितात. कायद्यात डिजिटल अरेस्ट असा काही प्रकारच नाही. असा फोन आला तर लगेच कापा, आधी घरच्यांना सांगा आणि 1930 या नंबरवर तक्रार करा. सांगायची भीड धरू नका, चोराचं सगळं बळ त्या भिडेतच आहे.

*बांगड्या*

मुलगा मागे राहिला की आपण काय म्हणतो? "भागूबाई", "हातात बांगड्या भरल्यास काय?" आणि हे आपण बायकाही म्हणतो, स्वतःच्या बांगड्या सावरत! ज्या हातांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेचा फळा धरला, ते सावित्रीबाई फुल्यांचे हात बांगड्यांचेच होते. रस्त्यात लोक शेण आणि चिखल फेकत, म्हणून त्या शाळेत बदलायला दुसरं लुगडं सोबत नेत. त्यांनी उलट काही फेकलं नाही आणि शाळेत जाणंही थांबवलं नाही. आपल्याच मध्य प्रदेशातल्या गढ्याची राणी दुर्गावती 1564 मध्ये मोगल फौजेशी लढताना गेली. एकीच्या हातात शस्त्र होतं, दुसरीच्या हातात नव्हतं, पण दोघींनाही भित्री म्हणायची कुणाची छाती आहे? तेव्हा हे शब्द तरी आपण आपल्या घरातून काढून टाकू या.

*घाबरणारा मोठा कसा होतो*

महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःबद्दल मोकळेपणाने लिहिलं आहे. लहानपणी त्यांना अंधाराची, भुताची, चोराची, सापाची भीती वाटायची. घरातल्या रंभा नावाच्या दाईने त्यांना सांगितलं, भीती वाटली की रामनाम घे. पुढे विलायतेत शिकायला गेले तरी चार लोकांत बोलता येईना, लिहून आणलेलं भाषणही दुसऱ्याला वाचावं लागलं. मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. घेतलेले 30 रुपये परत देऊन आले. आणि त्याच माणसाने पुढे एवढ्या मोठ्या सरकारला शांतपणे 'नाही' म्हटलं. तेच 1936 पासून आपल्या शेजारी वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिले. लाजरेपणामुळे मी मोजकं बोलायला शिकलो, त्याचा फायदाच झाला, असं त्यांनी लिहिलं आहे. आश्रमाच्या 11 व्रतांत त्यांनी 'अभय' हे व्रत ठेवलं होतं.

आणि एवढे अहिंसेचे पुजारी असूनही 1920 मध्ये त्यांनी लिहिलं की भ्याडपणा आणि हिंसा, एवढेच दोन मार्ग उरले तर मी हिंसा सांगेन. याचा अर्थ मारामारी करा असा नाही. त्यांचं सांगणं असं की ज्याला प्रतिकार करता येतो आणि तरी जो हात उचलत नाही, त्याचीच अहिंसा खरी. भीतीने हात बांधले गेले असतील तर त्याला क्षमा म्हणू नये.

आपण सगळे सौंसरजवळ जामसावळीला जातो. तिथे मारुतीराया उभे नाहीत, निजलेले आहेत. त्यांना पाहिलं की मला समुद्रकाठचा प्रसंग आठवतो. 100 योजनं समुद्र ओलांडायचा होता. एकेक वानर आपली ताकद सांगत होता, कुणी 10 योजनं, कुणी 20. युवराज अंगद म्हणाला, मी जाईन, पण परत येईन याची खात्री नाही. एवढा वालीचा मुलगा, पण त्याने आपली मर्यादा सगळ्यांसमोर सांगितली, आणि कुणी त्याला भेकड म्हटलं नाही. आणि हनुमंत? ते एका बाजूला गप्प बसले होते. जांबवंतांनी जवळ जाऊन त्यांना त्यांच्या शक्तीची आठवण करून दिली आणि मग ते उठले. गप्प बसलेल्याला जांबवंतांनी हसले असते, टोमणे मारले असते, तर काय झालं असतं? आपल्या घरात गप्प बसलेलं एखादं लेकरू असेल तर आपल्याला जांबवंत व्हायचं आहे, एवढं यातून घ्यायचं.

*ओळखायचं कसं?*

आता मूळ प्रश्नाकडे येते. मुलगा शांत आहे की भित्रा? वरून दोन्ही सारखेच दिसतात. दोघेही वाद घालत नाहीत, दोघेही मागे राहतात.

याला मला एक सोपी खूण सापडली आहे. माणूस आपल्यापेक्षा मोठ्याशी कसा वागतो हे पाहू नका, तो आपल्यापेक्षा लहानाशी कसा वागतो ते पाहा. साहेबासमोर "जी साहेब, जी साहेब" करणारा माणूस घरी आल्यावर बायकोवर आवाज चढवत असेल, मुलाला फटकावत असेल, भाजीवाल्या आजीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालत असेल, तर बाहेरची ती नम्रता नम्रता नव्हती. ती भीती होती. वर दबलेली ती खाली बाहेर पडली. आणि जो वरिष्ठांशी जसा मऊ बोलतो तसाच कामवाल्या मावशींशीही बोलतो, त्याचा मऊपणा खरा आहे. त्याला कुणी कितीही नेभळट म्हणो.

गीतेच्या 12व्या अध्यायात भक्ताचं लक्षण येतं. ज्याच्यामुळे लोकांना त्रास होत नाही आणि लोकांमुळे ज्याला त्रास होत नाही, जो हर्ष, क्रोध, भय आणि उद्वेग यांतून मोकळा झाला आहे, तो देवाला प्रिय. दोन्ही बाजू एकाच श्लोकात आल्या आहेत. भ्यायचं नाही आणि कुणाला भिववायचंही नाही. घरात ज्याचा फार दरारा असतो, त्याला आपण शूर समजतो. पण वचक बसवून माणसं जवळ ठेवावी लागतात याचा अर्थ त्याच्याही मनात कुठेतरी भेव आहे, की धाक गेला तर मला कोण विचारेल?

तर ताईंनो, मुलाकडे पाहा. तो कुत्र्याच्या पिल्लाशी, लहान बहिणीशी कसा वागतो? हातून काचेचा ग्लास फुटला तर येऊन सांगतो का? वर्गात एखाद्या मुलाला सगळे चिडवत असतील तर त्याच्या शेजारी जाऊन बसतो का? यातलं काही तो करत असेल तर निश्चिंत राहा. तो भित्रा नाही, त्याला दगड उचलायची गरज वाटत नाही, एवढंच. आणि यातलं काही होत नसेल, तो खोटं बोलून सुटत असेल, मोठ्या मुलांचा मार खाऊन लहानांना मारत असेल, तरी चिडवू नका. भीतीने त्याच्या मनाचा ताबा घेतला आहे, तो परत त्याच्या हातात द्यायचा आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनासारख्या योद्ध्याचे हातपाय कापले, गांडीव हातातून गळालं. भगवंत एकदा कठोर बोलले, पण तेवढ्यावर सोडून गेले नाहीत. 18 अध्याय समजावत बसले.

*या आठवड्यात करून पाहू*

1. घरातल्या कुणालाही भित्रा, घाबरट, भागूबाई म्हणायचं नाही. त्याऐवजी विचारायचं, "तुला कशाचं भेव वाटते?" आणि उत्तर पूर्ण ऐकायचं.

2. भिडेपोटी मनात ठेवलेली एक गोष्ट घरात शांतपणे बोलायची. दुखणं असेल, पैशाची अडचण असेल किंवा फक्त "मला आज हे जमणार नाही" एवढं असेल.

3. कुणावर आवाज चढवण्याआधी एक क्षण थांबून स्वतःला विचारायचं, हाच शब्द मी माझ्यापेक्षा मोठ्याला बोलले असते का?

4. पोळा येईल तेव्हा घरातल्या मुलांशी आधीच बोलून ठेवायचं. नाही जायचं म्हणाला तर त्याच्या मित्रांसमोर त्याची बाजू आपण घ्यायची. त्या दिवशी तो एकटा पडू नये.

भीती सगळ्यांनाच वाटते, मलाही वाटते. ती आली तर येऊ द्या, चहा द्या हवं तर, पण घराच्या किल्ल्या तिच्या हातात देऊ नका. निर्णय विवेकाने घ्यावा, भीतीने नाही, आणि त्यासाठी रोजचं नाम आणि सत्संग आहेच.

लेख आवडला तर आपल्या घरच्या ग्रुपवर पाठवा, आणि तुमच्या बोलण्यात भीतीचा आणखी कुठला शब्द असेल तर जरूर कळवा.

🙏 *जय गुरुदेव* 🙏

— एक सेविका, पांढुर्णा